गच्चीचे घर आणि पाण्याचा हिशोब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून घराच्या छपराविषयी बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्या समाजातील सामान्य कुटुंब आयुष्यात दोनच मोठे खर्च करते. एक मुलांच्या शिक्षणाचा आणि दुसरा घराचा. घर गळू लागले, की त्याच्या दुरुस्तीचे पैसे बहुधा मुलीच्या कॉलेजच्या फीमधून किंवा मुलाच्या वसतिगृहाच्या खर्चातून काढले जातात. म्हणून हा विषय शिक्षणाच्या बाहेरचा आहे असे मी मानत नाही.

आपल्या कोकणातील जुनी घरे उतरत्या छपराची. आधी नळीची कौले होती. पुढे बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि चपटी मंगळुरी कौले किनाऱ्याने वर आली. १९७० नंतर आखाती देशांत आपली माणसे मोठ्या संख्येने गेली, हातात पैसा आला आणि गावोगाव स्लॅबची घरे उभी राहिली. स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा, कौल म्हणजे गरिबी, अशी समजूत झाली. तिथल्या सपाट छपरांच्या सुंदर घरांचे फोटो आले आणि गावच्या मिस्त्रीला सांगण्यात आले, "अगदी असेच बांधा."

येथे पहिला विचार करायला हवा. दुबईत वर्षाकाठी पाऊस पडतो तो शंभर मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. १६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत अल ऐनच्या परिसरात चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तेव्हा साऱ्या देशाची दाणादाण उडाली. आपल्याकडे जुलै महिन्यात असा दिवस नवा नाही. जे छप्पर वाळवंटासाठी योजलेले आहे, ते तसेच उचलून दापोलीत किंवा म्हसळ्यात आणून ठेवले तर ते गळणारच. त्यात मिस्त्रीचा दोष अर्धाच असतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारा, की आपल्याला सपाट छप्पर हवे कशाला? पुढे वर मजला चढवायचा असेल, धान्य, मासळी, कोकम वाळवायला जागा हवी असेल, पाण्याची टाकी किंवा सौर तावदाने बसवायची असतील, दुकानावर गोदाम काढायचे असेल, तर स्लॅब घालावा. पुराचा धोका असलेल्या गावात तर गच्ची जीव वाचवते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा कितीतरी कुटुंबांनी वरच्या मजल्यांचा आणि गच्च्यांचाच आधार घेतला. परंतु यातले काहीच नको असेल आणि केवळ शेजाऱ्याने घातला म्हणून घालायचा असेल, तर चांगले लाकूड किंवा लोखंडी सांगाडा आणि त्यावर कौले हे छप्पर आजही कमीपणाचे नाही. ते पाणी धरत नाही आणि उन्हाळ्यात घर थंड ठेवते. कौल फुटले तर एक कौल बदलता येते, स्लॅबचा तुकडा बदलता येत नाही. काँक्रीटच हवे असेल तर स्लॅबही उतरता घालता येतो.

आता गच्चीच घालायची असे ठरले, तर ध्यानात ठेवण्याची मुख्य गोष्ट एकच आहे. तिला सपाट छप्पर म्हणतात खरे, पण ती कधीही सपाट असता कामा नये. पाणी पडले की त्याला वाट मिळाली पाहिजे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाणी साचले, तर त्याचे वजन सव्वादोन हजार किलोंहून अधिक भरते. विद्यार्थी मित्रहो, हा हिशोब तुम्ही घरी करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. साचलेले पाणी वजन तर टाकतेच, शिवाय बारीक भेगा शोधत रात्रंदिवस आत उतरत राहते.

उतार किती असावा? शंभराला निदान एक. म्हणजे आठ फुटांना सुमारे एक इंच. तो मोजायला मोठे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. एक टोक कठड्याजवळ, दुसरे पावसाळी पाइपाच्या तोंडाशी धरा आणि पट्टीने फरक मोजा. आठवीतला विद्यार्थी हे काम करू शकतो. पाइपांची संख्याही तशीच ठरवावी. तासाला शंभर मिलिमीटर पाऊस धरला तर चार इंची एक पाइप साडेचारशे चौरस फुटांच्या आसपास गच्चीचेच पाणी नेऊ शकतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीला एकच पाइप ठेवून वर त्याच्या तोंडाशी पाने अडकू द्यायची, आणि मग स्लॅब गळतो म्हणून नशिबाला बोल लावायचा, हे बरोबर नव्हे.

हा उतार बहुतेक ठिकाणी स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून देतात. विटा आधी भिजवलेल्या असाव्यात, स्लॅब खरडून धुतलेला असावा आणि गच्ची व कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई द्यावी. तिला गवंडी 'वाटा' म्हणतात. बरीच गळती या कोपऱ्यातून आणि पाइपाच्या तोंडाशी सुरू होते. चार-साडेचार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास येते. म्हणून कोबा घालणार हे इंजिनिअरला आराखडा करण्यापूर्वीच सांगावे, मागाहून नव्हे. हल्ली डांबरी पडदे आणि रंगासारखे लेपही मिळतात. ते उपयोगी आहेत, पण काही वर्षांनी पुन्हा करावे लागतात, आणि उतार नसलेल्या गच्चीवर कोणताही लेप फार काळ टिकत नाही.

आता स्लॅबविषयी. काँक्रीटच्या आतली सळई हा त्याचा कणा. चांगले काँक्रीट सळईला गंजण्यापासून राखते. पण सळईवर काँक्रीटचे आवरण पुरेसे नसेल किंवा मिश्रणात मीठ गेले असेल, तर सळई गंजते, फुगते आणि खालचा गिलावा व काँक्रीट ढलप्या होऊन पडू लागते. आपल्या किनारी भागात हे पुष्कळ पाहायला मिळते. त्याचे एक कारण खाडीची न धुतलेली खारी वाळू, आणि दुसरे, मचूळ विहिरीचे पाणी. नियम सोपा ठेवा. जे पाणी आपण पिऊ शकत नाही ते काँक्रीटमध्ये घालू नये आणि स्लॅबवर मारूही नये. वाळू नदीची किंवा खडी दळून केलेली घ्यावी.

भारतीय मानक ४५६, जे २००० साली सुधारले गेले, ते किनाऱ्याच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटसाठी किमान एम-३० दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगते. खाऱ्या हवेपासून आडोसा असलेल्या भागाला एम-२५ आणि ३० मिलिमीटर. आपल्या घराला कोणते लागू, हे इंजिनिअरकडून कागदावर लिहून घ्या. हे आवरण राखण्यासाठी सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. दगडाच्या किंवा लाकडाच्या कपच्या त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

छज्जाकडे विशेष लक्ष असू द्या. स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळई खालच्या बाजूला असते, पण बाहेर आलेल्या छज्जात ती वरच्या बाजूला हवी. काँक्रीट टाकताना माणसे तिच्यावर पाय देऊन चालतात, ती खाली दबते आणि पुढे तो छज्जा एखाद्या पावसाळ्यात कोसळतो. त्याखाली लहान मुले खेळत असतात, हे विसरू नका.

काँक्रीट टाकण्याच्या दिवशी मजूर पाणी जास्त घालतात, कारण पातळ मिश्रण लवकर पसरते. पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.४५ ठरले असेल, तर पन्नास किलोंच्या एका पोत्याला साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यातही ओल्या वाळूतले पाणी धरायचे. घरचा एक मुलगा किंवा मुलगी मिक्सरजवळ मापाची बादली आणि वही घेऊन उभी राहिली, तर कंत्राटदार रागावेल, पण काम सुधारेल.

आणि आता मी ज्या मुद्द्यासाठी आज येथे उभा आहे त्याकडे येतो. आपल्याकडे स्लॅबची तारीख कोण ठरवते? परदेशातल्या मुलाची सुट्टी ठरवते. तो एप्रिलच्या अखेरीस येतो आणि जूनच्या सुरुवातीला परत जातो. जाण्यापूर्वी स्लॅब पडलेला त्याला डोळ्यांनी पाहायचा असतो. म्हणून मेच्या कडक उन्हात घाईने स्लॅब टाकतात, सेंट्रिंग लवकर काढतात, कोबा राहून जातो आणि मृगाचा पाऊस उघड्या स्लॅबवर कोसळतो. मुलाच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु काँक्रीटला सुट्टी कळत नाही.

काँक्रीटला पाणी आणि दिवस लागतात. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस, आणि शक्य तर चौदा दिवस स्लॅब सतत ओला राहिला पाहिजे. आज दुकानात मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्र प्रकारचे असते, तेव्हा पोत्यावरचे नाव वाचा. स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे करावेत आणि त्यात पाणी साठवावे. सकाळ-संध्याकाळ पाइपाने शिंपून दुपारी तो वाळू देणे पुरेसे नाही. साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्याला चौदा दिवसांनी काढता येतात. सहा मीटरपर्यंतच्या तुळयांना चौदा आणि मोठ्या तुळयांना एकवीस दिवस. मिश्र सिमेंट असेल तर याहून अधिक. भाड्याचे सेंट्रिंग दुसऱ्या कामावर न्यायचे म्हणून कंत्राटदार घाई करील. इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय त्याला टेकूला हात लावू देऊ नका.

म्हणून माझी सूचना अशी. स्लॅब दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या काळात टाकावा. त्यानंतर कोबा घालावा, त्यावरही पाणी साठवून पाहावे आणि खाली ओल येते का ते तपासावे. परदेशातल्या भावाने सुट्टी घ्यायचीच असेल, तर ती स्लॅबच्या दिवसासाठी न घेता पहिल्या पावसासाठी घ्यावी. खरी परीक्षा तेव्हाच होते. कंत्राटाची काही रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच लिहून घ्यावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण तर आपल्याला धर्मानेच दिलेली आहे.

आणि घरी राहणाऱ्या आई-बहिणींना कामाचा अधिकार द्या. पैसे परदेशातून येतात, निर्णय फोनवरून होतात, आणि जी बाई रोज समोर उभी असते तिला मिस्त्री म्हणतो, "ताई, तुम्हाला त्यातले काय कळते?" तिला कळते. वाफ्यात पाणी आहे की नाही, टेकू हलला की नाही, पोते कोणत्या नावाचे आले, हे तिच्याइतके कोणालाच कळत नाही. तिने काम थांबवायला सांगितले तर ते थांबेल, एवढे एक वाक्य करारात घाला.

शेवटी शेजाऱ्याविषयी. आपल्या पाइपाचे पाणी त्याच्या भिंतीवर पडू नये. कठडा किमान एक मीटर उंच असावा. कठडा नसलेल्या छपरावर झोपू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. त्यात मुलांच्या जिवाची काळजी आहे, आणि त्याच कठड्याने शेजारच्या अंगणाचा पडदाही राखला जातो. गच्चीवर पत्र्याची शेड घालणार असाल तर ती नीट जखडा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले तेव्हा पत्रे कसे उडाले, हे रायगडकरांना सांगायला नको. शेडचे किंवा सौर तावदानांचे पाय कोब्याला भोके पाडून बसवू नका. त्यांच्यासाठी ओटे आधीच बांधून घ्या. आणि दरवर्षी मेअखेर गच्ची झाडून पाइपांची तोंडे मोकळी करा.

विद्यार्थी मित्रहो, गुणोत्तर, क्षेत्रफळ, घनफळ, गंजण्याचे रसायन हे सारे तुम्ही वर्गात शिकता. ते परीक्षेपुरते ठेवू नका. तुमच्या घरचा माणूस दहा-पंधरा वर्षे परक्या देशात उन्हात राबतो, त्याची कमाई म्हणजे तुमच्याकडे सोपवलेली अमानत आहे. एक वही, एक पट्टी आणि एक पाण्याची नळी घेऊन तुम्ही तिची राखण करू शकता. तेवढे कराल, तर घरही कोरडे राहील आणि तुमच्या धाकट्या बहिणीची फीही वेळेवर भरली जाईल.