ब्रिटनमधील करपद्धती आणि सामान्य मतदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपविला तो मी अर्थशास्त्राचा पंडित आहे म्हणून नव्हे. २०२५ सालच्या सप्टेंबरपासून तीन महिने मी इंग्लंडात लेस्टर येथे मुलीकडे राहिलो होतो, आणि त्या काळात तेथे येऊ घातलेल्या अंदाजपत्रकावाचून दुसरे बोलणे नव्हते. शेजारी एक निवृत्त बसचालक राहत. जन्मभराचे कामगार संघटनेचे सभासद आणि मजूर पक्षाचे मतदार. संध्याकाळी कुंपणापाशी आमच्या गप्पा होत. त्या गप्पांमुळे माझ्या काही समजुती मला दुरुस्त करून घ्याव्या लागल्या.

पहिली समजूत अशी की, सामान्य माणसाला कर मुळात नकोच असतो. म्हणून डाव्या पक्षाने निवडणुकीच्या वेळी करांविषयी मौन पाळावे. ब्रिटनमध्ये १९८३ पासून सामाजिक मतांची एक पाहणी होत आली आहे. कर वाढवून आरोग्य व शिक्षण यांवर अधिक खर्च करावा, सारे आहे तसे ठेवावे, की कर आणि खर्च दोन्ही कमी करावेत, असा प्रश्न तीत विचारला जातो. थॅचरबाईंच्या ऐन भराच्या काळातसुद्धा कर कमी करा म्हणणारे मूठभरच होते. बाईंनी १९७९ साली वरच्या थरावरील प्राप्तिकराचा दर ८३ टक्क्यांवरून ६० वर आणला आणि त्याच अंदाजपत्रकात खरेदीवरील व्हॅटचा सर्वसाधारण दर ८ वरून १५ टक्क्यांवर नेला. श्रीमंतांचा भार गरिबांच्या पिशवीवर टाकण्याचा तो व्यवहार होता. तो लोकांनी सोसला, कारण व्हॅट किमतीत मिसळून जातो, डोळ्यांना दिसत नाही.

डोईपट्टी मात्र दिसली. स्थानिक घरपट्टी रद्द करून प्रत्येक प्रौढ माणसामागे ठराविक रक्कम आकारण्याची ही योजना स्कॉटलंडमध्ये १९८९ साली आणि इंग्लंड व वेल्समध्ये १९९० साली लागू झाली. वाड्यात राहणाऱ्या उमरावाला आणि त्याच्या बागेतील माळ्याला सारखाच आकडा! ज्या देशात १३८१ साली अशाच डोईपट्टीवरून शेतकऱ्यांनी लंडनवर चाल केली होती, तेथील राज्यकर्त्यांना इतिहास इतका विसरावा हे नवलच. लक्षावधी लोकांनी कर भरला नाही. ३१ मार्च १९९० रोजी ट्रफाल्गर चौकात दंगल उसळली, आणि नोव्हेंबरात बाईंना पायउतार व्हावे लागले. आमच्या शेजाऱ्यांनाही त्या वेळी समन्स आले होते. मी विचारले, "पैसे नव्हते का?" ते म्हणाले, "होते. पण माझा मालक आणि मी एकच रक्कम भरणार, हे मला पटेना." मागच्या वर्षापर्यंत जी घरपट्टी ते भरत होते तिच्याविषयी त्यांची तक्रार नव्हती, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

डोईपट्टी गेली, पण तिच्या जागी १९९३ साली आलेल्या कौन्सिल टॅक्सची कथाही ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात तो घरांच्या १९९१ सालच्या किमतींवर आधारलेला आहे. त्या किमतींची फेरतपासणी करण्याचे धैर्य ना हुजूर पक्षाने दाखविले, ना मजूर पक्षाने. घरांचे आठ गट पाडले आहेत, आणि सर्वांत वरच्या गटातील घराला मधल्या गटाच्या फक्त दुप्पट कर पडतो, मग ते घर कितीही मोठे असो. परिणाम असा की, २०२५-२६ च्या दरांप्रमाणे उत्तरेकडील हार्टलपूल या गरीब बंदरगावातील मध्यम घराचा मालक लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधील प्रासादाच्या मालकाहून अधिक कर भरीत होता. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी वीस लाख पौंडांहून अधिक किमतीच्या घरांवर २०२८ पासून अधिभार बसविण्याची घोषणा केली. उशिरा का होईना, दिशा बरोबर होती.

परंतु त्याच अंदाजपत्रकातील मोठी रक्कम कोठून यायची होती? जुलै २०२४ ची निवडणूक जिंकताना मजूर पक्षाने प्राप्तिकर, राष्ट्रीय विम्याची वर्गणी आणि व्हॅट कष्टकऱ्यांवर वाढविणार नाही असे वचन दिले होते. वचन शब्दशः पाळायचे आणि पैसा तर हवा, म्हणून करमाफीची मर्यादा गोठविण्याचा मार्ग धरला. ही मर्यादा १२,५७० पौंड. हुजूर पक्षाने ती २०२१ साली गोठविली होती. रीव्ह्जबाईंनी ते गोठविणे २०३१ पर्यंत लांबविले. दर तोच, पण महागाईमुळे पगार वाढला की माणूस आपोआप करात येतो. २०२६-२७ साली पूर्ण सरकारी निवृत्तिवेतन या रेषेपासून जेमतेम वीसबावीस पौंडांवर येऊन ठेपले. माझ्या मुलीच्या ओळखीची, वृद्धाश्रमात सेवेचे काम करणारी एक बाई म्हणाली, "कर वाढवला असे तोंडावर सांगितले असते तर मी रागावले असते, पण फसवले असे म्हटले नसते." माझ्या मते त्या सरकारची चूक या एका वाक्यात आली आहे.

आता एक अडचणीची गोष्ट. सामान्य लोकांची न्यायबुद्धी नेहमी आपल्या पुस्तकाप्रमाणे चालत नाही. वारसा कर शंभरांतील चारपाच मृतांच्याच मालमत्तेवर पडतो, तरीही ज्यांच्यावर तो कधीच पडणार नाही अशांनाही तो अतिशय नावडतो. आमचे शेजारीही त्यांपैकीच. मी पुष्कळ वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "मोठे जमीनदार विश्वस्त निधी करून सुटतात; अडकतो तो माझ्यासारखा, ज्याच्यापाशी एक घर आहे." वस्तुतः त्यांचे घर अडकणार नव्हते, पण सुटणाऱ्यांविषयी ते चुकीचे नव्हते. २०२२ साली, ऋषी सुनक अर्थमंत्री असताना, त्यांच्या पत्नी परदेशी निवासी असल्याची सवलत घेतात आणि पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या लाभांशावर ब्रिटनमध्ये कर भरीत नाहीत हे उघड झाले. सारे कायदेशीर होते. ओरड झाल्यावर त्यांनी तो कर भरण्याचे मान्य केले. मजूर पक्षाचेही हात स्वच्छ राहिले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये उपपंतप्रधान अँजेला रेनर यांना घरखरेदीवरील मुद्रांक शुल्क कमी भरल्यावरून राजीनामा द्यावा लागला. मग लोकांनी नियमांवर विश्वास ठेवावा तरी कसा?

संपत्तीवरच कर का नाही, हा प्रश्न येथे येतोच. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर १९५६ साली भारतात आले. त्यांच्या शिफारशीवरून आपल्याकडे १९५७ साली संपत्तिकर लागू झाला. हेच काल्डोर पुढे मजूर सरकारचे सल्लागार झाले. त्या पक्षाने १९७४ साली संपत्तिकराचे आश्वासनही दिले, आणि अडचणी पुढे करून ते सोडून दिले. (आपण हसू नये. आपला संपत्तिकर २०१५ च्या अंदाजपत्रकात रद्द झाला, आणि तो कोणाला आठवतही नाही.) २०२५ साली ब्रिटनमध्ये ही मागणी मोठ्याने केली ती ग्रीन पक्षाचे नवे नेते झॅक पोलान्स्की यांनी: एक कोटी पौंडांवरील संपत्तीवर वर्षाला एक टक्का, आणि अब्जाधीशांवर दोन टक्के.

दुसऱ्या बाजूने नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने २०२४ साली करमाफीची मर्यादा वीस हजार पौंडांवर नेण्याचे आमिष दाखविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनीच हात आखडता घेतला, कारण २०२२ साली पैशाची तरतूद न करता कर कापणाऱ्या लिझ ट्रस यांचे पंतप्रधानपद पन्नास दिवसही टिकले नव्हते. तरीदेखील त्या आमिषाची ओढ मी प्रत्यक्ष पाहिली. ज्याचा पगार वीस हजारांच्या आसपास आहे, त्याला मजूर पक्ष गोठविलेली मर्यादा देतो आणि फराज यांनी मोकळी मर्यादा देऊ केली होती. अशा वेळी वर्णद्वेषावर आपण दिलेली व्याख्याने त्याच्या कानी जातील, या भ्रमात मी तरी नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी मला चहाला बोलावले. दोन अपत्यांपुढील मुलांना भत्ता नाकारणारा २०१७ चा नियम एप्रिल २०२६ पासून रद्द होणार, ही बातमी त्यांना पसंत होती. त्यासाठी थोडा कर वाढला तरी आपण भरू, असे ते म्हणाले. मत कोणाला देणार, असे मी विचारले. "पन्नास वर्षे हा प्रश्न मला कोणी विचारला नाही," ते म्हणाले, आणि किटली पुन्हा चुलीवर ठेवली.