लॉरा घ्यावी की ऑक्टाव्हिया?

(१९९६च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं, पण नोकरी, मुलांचे मार्क आणि गुडघेदुखी हे तीन विषय सोडून." हे तीन काढले तर आपल्या वयाच्या माणसाकडं बोलायला उरतं काय? माझ्याकडं गाडी उरली. मागच्या दिवाळीत मी आपल्या ग्रुपवर लाल गाडीचा फोटो टाकला, तेव्हा खाली पहिला प्रश्न आला होता, "पुण्यात एवढी कमावतेस, मग बारा वर्षांची जुनी गाडी का?" तेव्हा मी नुसता हसरा चेहरा पाठवला. आज उत्तर देते.

वेगाची आवड मला नेमकी कुठून लागली हे सांगता येत नाही, पण संशय अण्णांवर आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आळेफाट्याहून आण्याचा घाट चढताना ते कुठल्या वळणावर कुठला गिअर टाकतात हे मला चौथीत पाठ होतं. आपल्यापैकी निम्मे जण त्यांच्या गाडीत फुकट बसले आहेत, ते आता कबूल करायला हरकत नाही.

चांगली, जोरकस, स्वतः चालवायची गाडी घ्यायची हे मी चाळिशीत ठरवलं होतं. परदेशी दोन दारांच्या स्पोर्ट्स कार आपल्या खिशाला आणि आपल्या गतिरोधकांना, दोन्हीला झेपत नाहीत. उरते ती स्कोडाची आरएस. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. दिसायला चार दारांची, मागं पोतं मावेल एवढी डिकी असलेली घरगुती गाडी, पण इंजिन आणि सस्पेंशन वेगळ्या स्वभावाचं. शिवाय ही तशी आपल्या शेजारचीच. टाकळी ढोकेश्वरावरून नगर, तिथून छत्रपती संभाजीनगर, त्याच्या पुढं शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, तिथं या गाड्या जोडल्या गेल्या.

भारतात या गाडीच्या तीन पिढ्या मला धुंडाळता येत होत्या. पहिली २००४ची, १.८ लिटर टर्बो, १५० पीएस ताकदीची. ती आता संग्राहकांची झाली, म्हणून सोडली. दुसरी २०११ची, तिचं नाव इथं लॉरा होतं. लॉरा आरएसमध्ये १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस, २५० न्यूटन मीटर टॉर्क आणि फक्त हातानं टाकायचे सहा गिअर. तिसरी २०१७ची ऑक्टाव्हिया आरएस, २ लिटर, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, आणि दोन क्लचवाला डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्यावरून शंभरचा वेग सात सेकंदांच्या आत. नवी असताना तिची शोरूम किंमत साडेचोवीस लाखांच्या थोडी वर होती, आणि मोजक्याच आणलेल्या गाड्या हातोहात संपल्या. २०२० मध्ये २४५ पीएसवाली आली, पण ती थेट आयात केलेली आणि छत्तीस लाखांची. तिचा विचारही केला नाही.

कागदावर तुलनाच नाही. सत्तर पीएसचा फरक म्हणजे एका छोट्या गाडीचं अख्खं इंजिन. लॉराच्या बाबतीत जाणकार नाकंही मुरडतात, कारण युरोपातल्या आरएसला २ लिटरचं २०० पीएसचं इंजिन होतं आणि आपल्याला मिळालं ते साध्या लॉराचंच. तक्रार खरी आहे. पण सेकंडहँड घेणाऱ्याच्या बाजूनं बघा. तेच इंजिन त्या काळच्या सुपर्बमध्येही होतं, त्यामुळं त्याचे भाग मिळतात आणि ते उघडलेले मेकॅनिकही भेटतात. गाडी नवी घेताना जो कमीपणा वाटतो, तो बारा वर्षांनी सोय होऊन समोर येतो.

तर मी २०२४ मध्ये शोध सुरू केला. माझ्याकडं एक वायर आहे, ती स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावली की गाडीचे सगळे छोटे कॉम्प्युटर लॅपटॉपशी बोलतात. या गाड्यांत इंजिनाचा वेगळा, गिअरचा वेगळा, ब्रेकचा, एअरबॅगचा वेगळा, असे बरेच असतात. माझं रोजचं कामच दुसऱ्यानं लिहून ठेवलेलं वाचण्याचं असल्यामुळं या भागात मला फार मजा आली.

पहिली ऑक्टाव्हिया पुण्यात पाहिली. रंग आरशासारखा. मालक म्हणाला, "कंपनी कंडिशन." इंजिनाच्या कॉम्प्युटरला विचारलं, तर त्याच्यातला प्रोग्रॅम किती वेळा बदलला याचा आकडा असायला हवा होता त्याहून बराच जास्त. म्हणजे कुणीतरी ट्यूनिंग करून २३०चे तीनशेच्या आसपास पीएस केले, मनसोक्त पळवली, आणि विकायच्या आधी मूळ प्रोग्रॅम परत टाकला. प्रोग्रॅम परत टाकता येतो. टर्बोनं आणि क्लचनं सोसलेलं परत घेता येत नाही. ट्यूनिंग हे पाप नाही, पण लपवलेलं ट्यूनिंग म्हणजे लपवलेला आजार.

दुसरी ठाण्याची. मीटरवर ५८ हजार किलोमीटर. या गाड्यांत एखादा बिघाड नोंदला गेला की त्या वेळचं किलोमीटरही सोबत लिहिलं जातं. ब्रेकच्या कॉम्प्युटरात एक जुनी, विसरलेली नोंद होती, तिच्यासमोर ९१ हजार लिहिलं होतं. मी स्क्रीन विकणाऱ्याकडं वळवली. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही चहा घेणार का?"

तिसरी नाशिकची, आणि ती खरोखर स्वच्छ होती. सगळे सर्व्हिसचे कागद, गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर साठ हजारला बदललेले. हे महत्त्वाचं, कारण तेलातल्या क्लचचा हा डीएसजी दमदार असतो, पण तेल वेळेवर बदललं तरच. कुलंटच्या पंपाचं प्लास्टिकचं घर या इंजिनांत गळू शकतं, तेही बदललेलं. मागणी एकवीस लाख. याच आठवड्यात संगमनेरला एक लॉरा आरएस मिळाली, २०१२ची, एकाच हातातली, जाडजूड फाइलसकट. मागणी पावणेपाच. निवड या दोघींतच होती.

अण्णांना मी दोन्हीकडं नेलं. काचबिंदूमुळं त्यांना आता समोरचं अंधूक दिसतं, त्यामुळं गाडी चालवणं बंद होऊन सात वर्षं झाली. नाशिकच्या गाडीत ते पुढं बसले, मी महामार्गावर पाय दाबला, आणि पाठीला सीट चिकटली. गिअर कधी पडला हे मलाही कळलं नाही. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हिला डायव्हर कशाला पायजे?" मालकाला ते कौतुक वाटलं.

संगमनेरला मात्र त्यांनी आधी बॉनेट उघडायला लावलं. गाडी रात्रभर उभी होती, मी तशी अटच घातली होती. कारण सांगते. या पिढीच्या इंजिनात टायमिंग चेन असते, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गाडी बंद असते तेव्हा दाब नसतो, तेव्हा फक्त एक खाच चेन धरून ठेवते. २०१२च्या आसपासपर्यंतच्या टेन्शनरमध्ये ही खाच निसटू शकते. सायकलची ढिली चेन चढावर दात सोडते ना, तसंच. फक्त सायकलची चेन परत बसवता येते, इथं पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन संपतं. म्हणून थंड इंजिन चालू होतानाचे पहिले दोन-तीन सेकंद ऐकायचे असतात. खडखड आली तर तिथूनच घरी जायचं.

अण्णांनी काठीचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि म्हणाले, "लाव." एसटीच्या वर्कशॉपमध्ये ही पद्धत होती. मी लॅपटॉपवर कॅमशाफ्टचा कोन बघत होते. आम्हा दोघांचं उत्तर एकच आलं, चेन थोडी ताणली आहे, पण सुटलेली नाही. बदलावी लागेल.

मग चंदनापुरी घाटात नेली. चढताना मी खूश होते. अण्णा म्हणाले, "चढतीया का नाय ते कुनीबी सांगल. उतरतीया कशी ते बघ." उतारावर दुसऱ्यात टाकली, इंजिनानं गाडी धरली, ब्रेकला नुसता पाय लावावा लागला. वळणात गाडी जे सांगत होती ते हाताला कळत होतं. आणि प्रत्येक गिअरला अण्णांचा डावा पाय हलत होता. दिसत नव्हतं, पण क्लच त्यांचाही दाबला जात होता.

भावनेच्या भरात निर्णय घेतला असं समजू नका, मी हिशेब केला. आमच्या धंद्यात पंचेचाळिशीची बाई म्हणजे महाग माणूस. त्या वर्षी आमच्या ऑफिसचे दोन मजले रिकामे झाले होते. एकवीस लाखांतले नऊ माझ्याकडं होते. बारा लाखांचं कर्ज, जुन्या गाडीला बारा टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, म्हणजे महिना सुमारे २६,७०० रुपये हप्ता, आणि नुसतं व्याज चार लाख. जवळजवळ अख्खी संगमनेरची गाडी त्या व्याजात आली असती. दुसरी बाजूही सांगते, ऑक्टाव्हिया आरएसची किंमत फार पडत नाही, विकताना बरेच पैसे परत मिळतात. पण नोकरी गेली तर बँक "विकताना" येईपर्यंत थांबत नाही. महिनाअखेर हप्त्याच्या धास्तीनं घाटात गाडी चालवायची, तर ती मजा कसली?

लॉरा चार लाख चाळीस हजाराला ठरली. लगेच चेन, टेन्शनर, गाइड, पाण्याचा पंप, क्लच, इंजिन माउंटिंग, पुढचे बुश आणि चार टायर, एक लाख नव्वद हजार. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा, वेगळा मोजू नका. २०२७ मध्ये हिला पंधरा वर्षं होतील, तेव्हा आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर हे सगळं आहे, आणि मग पाच वर्षांची मुदत मिळेल. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलं आहे. कुकडीकाठच्या ऊसवाल्या मित्रांना त्याचा आनंद आहे आणि मला इंधनाच्या जुन्या रबरी नळ्यांची काळजी, म्हणून त्या मी दर सर्व्हिसला तपासून घेते.

कुणाला रोज चाकणच्या गर्दीतून कामावर जायचं असेल, तर माझं ऐकू नका. त्याला डीएसजीच हवा. मी ऑफिसला बसनं जाते, गाडी फक्त आण्याच्या वाटेसाठी आहे.

वायर आणि लॅपटॉप आत्ताही माझ्या पिशवीत आहे. गावात, बेल्ह्यात, आळेफाट्याला कुणी जुनी गाडी घेणार असेल तर कळवा, मी महिन्यातून दोन शनिवार इथं असते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन थकलेलं आहे का, हे आधी बघून ठेवा. आणि मालकाला सांगा, गाडी रात्रभर उभी ठेव, आम्ही येण्याआधी चालू करू नको. अण्णाही काठी घेऊन येतील. त्यांची फी एक कप चहा, साखर कमी.