आपले वजन किती असावे ?

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात, उल्हासनगर कॅम्प नं. ३ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून एका शाळामास्तराने वजनकाट्याची गोष्ट काढावी, याचे आपणांस नवल वाटेल. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. आहे. परंतु घरातल्या कमावत्या माणसाला चाळिशीत मधुमेहाने गाठले, की त्याचा पहिला फटका मुलाच्या शिक्षणाला बसतो, हे शिक्षकाला डॉक्टरच्याही आधी कळते. दुकानावर बसायला कुणी नाही म्हणून दहावीचा मुलगा गल्ल्यावर जातो. अम्मीच्या औषधपाण्याला माणूस हवे म्हणून मुलगी घरी राहते. तेव्हा विषय आमच्याच खात्यातला आहे.

पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की दिव्यांची उघडझाप होई आणि पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लोक भविष्य वाचत आणि तिकीट फेकून देत. खरे भविष्य वजनाच्या बाजूला होते, पण ते वाचायला दुसरा एक आकडा लागतो. तो म्हणजे उंची. नुसते ७० किलो म्हणजे जास्त की कमी, हे उंचीवाचून सांगता येत नाही.

यासाठी जे गणित करतात त्याला शरीर-वस्तुमान निर्देशांक म्हणतात. दवाखान्यात त्याला बीएमआय म्हणतात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, बस्स. समजा एका गृहस्थांची उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट पाच इंच आहे. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे सुमारे २.७२. त्यांचे वजन ७२ किलो असेल तर ७२ भागिले २.७२, उत्तर साधारण २६.५. सातवीतल्या मुलाला हे जमते आणि त्याने ते घरी करून दाखवावे असे मला वाटते.

हे सूत्र जुने आहे. बेल्जियमचे केतले नावाचे संख्याशास्त्रज्ञ १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घेत होते, त्यातून ते निघाले. रोगाशी त्याचा तेव्हा काही संबंध नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. त्यांनी तपासलेली माणसे सारे पुरुषच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन कमी, १८.५ ते २४.९ ठीक, २५ पासून पुढे जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. हे कोष्टक आपण भिंतीवर पाहिलेले असेल. प्रश्न असा, की ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडते काय ?

याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. कोष्टकाप्रमाणे दोघेही उत्तम. मग यंत्राने शरीरातली चरबी मोजली. युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के ! एक मॅरेथॉन धावणारे, दुसऱ्यांचा व्यायाम, त्यांनीच गमतीने लिहिल्याप्रमाणे, लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत गाठण्यापुरता. पण कारण एवढेच नव्हते.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवती मातांचा अभ्यास केला होता. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, असे हे शरीर जन्मापासूनच घडू लागते. अशा शरीराला पुढे शहरातले खाणे आणि बैठे काम मिळाले, की ती चरबी पोटात साठते आणि इन्सुलिनचे काम अडते.

म्हणूनच २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे आकडे सुचविले, आणि २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपसात ठरविले की आपल्याकडे २३ पासून वजन जास्त व २५ पासून लठ्ठपणा समजावा. आता ते १६५ सेंटिमीटरचे गृहस्थ आठवा. परदेशी कोष्टकात ते 'थोडे जास्त' होते. आपल्या हिशेबात लठ्ठ ठरले. त्यांनी ६२ किलोच्या आसपास असावे. एखाद्या भगिनीची उंची १५५ सेंटिमीटर असेल, तर तिने साधारण ४५ ते ५५ किलोंमध्ये असावे.

आता कंबर. आपल्या वस्तीत पुष्कळ बांधव असे आहेत की हातपाय काटकुळे आणि शर्टाचे मधले बटण मात्र ताणलेले. त्यांचा बीएमआय २२ येतो आणि ते निश्चिंत होतात. पोट सुटले तर आपण 'खात्यापित्या घरचा' म्हणतो, लग्नाच्या बोलणीत ते गुणात मोजतो ! ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर गेली की काट्यावरचा आकडा काहीही असो, साखर तपासावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उभे राहून, श्वास सोडल्यावर टेप लावायची. पोट आत ओढून मोजण्यात स्वतःचीच फसवणूक. पॅंटचे माप इथे चालत नाही, कारण पॅंट पोटाखाली बांधलेली असते.

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा, १२६ आणि वर म्हणजे मधुमेह, मात्र एकाच तपासणीवर शिक्कामोर्तब करीत नाहीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आढळले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे ऐकून कुणी बारीक मुलगी जेवण सोडील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते, आणि जवळजवळ १९ टक्क्यांचे कमी. दोन्ही एकाच देशात, पुष्कळदा एकाच चाळीत. सर्वांना वाढून उरेल ते खाणारी माता, तिची रक्त कमी असलेली मुलगी, आणि त्या मुलीच्या पोटी पुढे येणारे २.७ किलोचे बाळ, ही साखळी पुण्याच्या अभ्यासाने दाखविली आहे. मुलीला मुलाइतकेच अंडे, डाळ, दूध मिळाले पाहिजे, आणि तिचे लग्न व बाळंतपण घाईने होऊ नये. मुलींच्या शिक्षणाचा आग्रह आम्ही धरतो, त्याला हेही एक कारण आहे.

हा आकडा सगळ्यांना लागू नाही. गर्भवती स्त्रीला नाही. अठराच्या आतल्या मुलांना मोठ्यांचे कोष्टक लावू नये. त्यांचे वयानुसार वेगळे तक्ते डॉक्टरांकडे असतात. तालमीत कमावलेल्या शरीराचा बीएमआय स्नायूंमुळे वाढतो. उतारवयात उलट होते, स्नायू झडतात आणि आकडा फसवा चांगला दिसतो. जिममध्ये भुकटीचे डबे विकत घेणाऱ्या तरुणांनी तो पैसा घरच्या जेवणावर घालावा, हे माझे मत, रागावू नये.

करायचे काय ? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर केलेला प्रयोग २००६ मध्ये छापून आला. आहार आणि चालणे सुधारलेल्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि नवल म्हणजे त्यांचे वजन फारसे उतरलेच नव्हते. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडू नका. आपले हे शहर अवघे तेरा चौरस किलोमीटरचे. कॅम्प ३ मधून कॅम्प ४ ला जायला रिक्षा कशाला? फूटपाथ मोकळे नाहीत हे खरे, पण पहाटे फजरच्या नमाजनंतर रस्ते मोकळे असतात. शिलाई मशीनवर दिवसभर बसणाऱ्या कारागिराने तासाने उठून फेरी मारावी. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चहातूनच चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पंचवीसच्या आत ठेवलेली बरी म्हणते. खारी, नानकटाई, मैद्याचा पाव यांचा हिशेब वेगळाच.

रमझानमध्ये पुष्कळांचे वजन किलो-दीड किलो उतरते आणि ईदनंतर परत चढते. इफ्तारच्या ताटात तळलेलेच जास्त असेल तर उतरतही नाही. पोटाचे तीन भाग सांगणारी हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. भजी-समोशांच्या ताटापुढे ती कितींना आठवते? मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांशी जरूर बोलावे.

तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत साखर व रक्तदाब तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, कॅम्प नं. ३ मध्ये सेंट्रल हॉस्पिटलही जवळ आहे. इंचटेप तर आपल्याकडे घरोघरी सापडेल. मुलांनो, आज रात्री अब्बांची आणि अम्मीची उंची, वजन, कंबर तुमच्या गणिताच्या वहीत लिहून काढा. आकडा २३ च्या वर किंवा १८.५ च्या खाली आला, अथवा कंबर मी सांगितलेल्या मापापेक्षा जास्त भरली, तर वही घेऊन त्यांना दवाखान्यात न्या.