वाळूवरील डांबर आणि तेलाचे कूळ

मृगाचा पाऊस जवळ आला की पेडणे तालुक्यातील केरी, हरमल, मांद्रे, मोरजी येथील किनाऱ्यांवर समुद्र काळे, चिकट गोळे आणून टाकतो. रापणीच्या जाळ्याला ते चिकटतात. पायाला लागले तर खोबरेल किंवा रॉकेल चोळल्याखेरीज सुटत नाहीत. हे खनिज तेलाचेच अवशेष, याविषयी वाद नाही. ते कोणाचे, हा खरा प्रश्न. वाटेने जाणाऱ्या टँकरांनी टाक्या धुऊन सोडलेले, की मुंबई हायच्या तेलक्षेत्रातून वाहत आलेले? जाब मागावयाचा तर प्रथम तेलाचे कूळ सिद्ध झाले पाहिजे.

डिचोलीच्या खाणींतील खनिजाची प्रत ठरविताना लोहाचे शेकडा प्रमाण कळले की पुष्कळसे काम भागते. खनिज तेलाचे तसे नाही. त्यात हजारो हायड्रोकार्बन एकत्र नांदत असतात. पॅराफिन, नॅफ्थीन, ॲरोमॅटिक अशा त्यांच्या जाती आहेत. त्या ओळखण्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र वापरतात. तेलाची वाफ करून तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला असता रेणू फुटतात, आणि यंत्र त्या तुकड्यांची वजनाप्रमाणे निवड करते. खापऱ्या पाहून कुंभार फुटलेले भांडे घागर होती की परळ हे सांगतो, त्यातलाच हा प्रकार. पॅराफिनांचे तुकडे बहुधा ५७, ७१, ८५ या वजनांचे. बेंझिनचे कडे असलेल्यांचे ९१, १०५ असे.

अडचण अशी की एका जातीचे तुकडे दुसऱ्या जातीच्या तुकड्यांत मिसळतात. म्हणून प्रत्येक जातीसाठी एक अज्ञात राशी मानून समीकरणे मांडावी लागतात. पेट्रोलसाठी अशी रीत आर. ए. ब्राऊन यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली. एकसामयिक समीकरणांचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास हे उदाहरण अवश्य सांगावे! आज ही आकडेमोड संगणकाचे सॉफ्टवेअर क्षणार्धात उरकते.

परंतु किनाऱ्यावरच्या गोळ्याला जातींचे एवढे प्रमाण पुरत नाही. समुद्र ते बदलून टाकतो. हलके अंश उडून जातात, सरळ साखळीचे पॅराफिन सूक्ष्म जंतू खाऊन टाकतात. टिकून राहतात ते होपेन आणि स्टेरेन. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंचे आणि शैवालांचे हे उरलेले सांगाडेच म्हणावयाचे. होपेनची खूण १९१ वजनाचा तुकडा, स्टेरेनची २१७. त्यांची परस्परांशी असलेली प्रमाणे तेलक्षेत्रागणिक निराळी असतात.

दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्यातील गोळ्यांची अशीच तपासणी केली. २०१० व २०११ सालचे गोळे टँकर धुण्यातून आलेले ठरले. त्यांचे तेल मुंबई हायचे नसून आग्नेय आशियातील होते. लोकांचाही समज टँकरांविषयीच होता, तेव्हा प्रकरण येथे मिटावयास हरकत नव्हती. मात्र मे २०१३ मध्ये नऊ किनाऱ्यांवरून पुन्हा गोळे गोळा करण्यात आले. या वेळी निरनिराळ्या तेलक्षेत्रांतील कच्चे तेल आणि किनाऱ्याला रुतलेल्या एका जहाजाचे तेलही तुलनेस घेतले. सॉफ्टवेअरने सर्व प्रमाणे एकत्र ताडून पाहिली, आणि मुंबई हायचे तेलही या किनाऱ्यांवर येऊ शकते, असा निष्कर्ष निघाला.

पहिला निकाल म्हणून खोटा ठरत नाही. त्या वर्षांचे गोळे निराळे, या वर्षाचे निराळे. सॉफ्टवेअरचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा येथे एकदमच दिसतात. ते साक्षीदारासारखे पाहिलेले सांगत नाही. पुढे ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून साम्य तेवढे दाखविते. ज्या तेलाचा नमुना किंवा आकडे जवळ नाहीत, त्याचे नाव कितीही सूक्ष्म गणिताने निघणार नाही. कोणते नमुने आणावयाचे, हे माणसानेच ठरवावे लागते.

२०१३ च्या निष्कर्षाला समुद्राच्या प्रवाहांनीही दुजोरा दिला. संगणकातील प्रतिमानात एप्रिल महिन्यात सोडलेले कण आग्नेयेकडे वाहत गेले, आणि मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्याला येऊन लागले.