निर्गुणाच्या मुलखात आपलं स्वागत



राज्यभरातून संमेलनाला आलेल्या आपणा चित्रकारांचं कुंडलिकेकाठच्या या जालना शहरात मी मनापासून स्वागत करतो. बियाणं, मोसंबी आणि पोलाद यांच्यामुळे आमचा जिल्हा आपल्याला ठाऊक असेल. चित्रकारांना मात्र मी आधी घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थची वाट दाखवीन. समर्थ रामदास 1608 साली तिथे जन्मले. ज्याला रूप नाही, रंग नाही, त्याबद्दल त्यांनी दासबोधात किती रोखठोक मराठीत लिहिलं! आमच्याकडे पारायणाला बसणारी, फारसं न शिकलेली माणसंही निर्गुणावर बिनदिक्कत बोलतात. तीच माणसं आकृती नसलेल्या चित्रापुढे आली की ‘यात आहे तरी काय?’ म्हणत बिचकतात. हे मला फार खुपतं.

म्हणून आज चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं स्मरण करतो. जन्म 1924चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं, 1948 साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं होती, पुढे ती विरत गेली. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांची त्यांना ओढ. हे निसर्गदत्त महाराज म्हणजे मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे आणि मराठीतून अद्वैत सांगणारे गृहस्थ. म्हणजे गायतोंडे ज्याच्या शोधात होते ते आपल्याच बोलीत, आपल्याच गल्लीत बोललं जात होतं.

वर्षाकाठी ते मोजकीच चित्रं करत. बराच काळ नुसते बसून राहत. मग रोलरने, चित्रसुरीने रंगाचे थर चढवायचे, काही खरवडायचे, कागदाचे कपटे दाबून उचलायचे. थराखालून उजेड वर येतो तो असा. या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना रुचत नसे. बहुतेकांना शीर्षकच नाही. पाहणाऱ्याचं मन थांबेल एवढी जागा त्यांनी रंगात करून ठेवली, असं मला वाटतं. 2001 साली ते गेले. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

छापील चित्रात हे थर दिसत नाहीत, मूळ चित्रासमोरच उभं राहावं लागतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जहांगीर निकल्सन संग्रहात, त्यांची चित्रं आहेत. आमच्या कलाशिक्षकांनी मुलांना एकदा तिथे न्यावंच.

शेजारच्या दालनात आपण आणलेली चित्रं मांडली आहेत. शीर्षकांच्या पाट्या आम्ही मुद्दाम लावलेल्या नाहीत. दुपारी तालुक्यांतल्या शाळांची मुलं येतील, प्रश्न विचारतील. आपण त्यांच्याजवळ थोडा वेळ थांबावं, ही यजमान म्हणून माझी विनंती आहे.