बेटावरचा नवा संसार

वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला पाणी म्हणजे फार तर पैनगंगेचा पूर. अशा घरातल्या मुलाच्या हाती अंदमानच्या बदलीचा हुकूम पडला आणि लग्नाला अजून वर्षही झालेलं नसलं, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'काळं पाणी'! सावरकर १९११ ते १९२१ तिथल्या तुरुंगात होते, ती आठवण आपल्याकडे अजून ताजी आहे. पण नवविवाहित मंडळींनो, तुमची परीक्षा पाहणार आहेत त्या अगदी साध्या गोष्टी.

सूर्याचंच पाहा. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला. घड्याळ मात्र एकच. म्हणून पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस मावळतो. पाऊस मे महिन्यात येतो तो थेट डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाचा सुमारे ३,००० मिलिमीटर! चपलांना बुरशी येते, कपडे वाळत नाहीत, आणि आईनं मायेनं बांधून दिलेल्या कुरड्या नि सरगुंडे सादळून जातात. तेव्हा डबे थोडेच न्या, बरं का. गंमत अशी, की एवढ्या पावसाच्या गावी उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते. डोंगरउतारावरचं पाणी लगेच समुद्राला मिळतं आणि शहराची भिस्त मुख्यतः धनीखाडीच्या धरणावर. कांदा-बटाटाही हजारावर किलोमीटरांवरून जहाजानं यायचा. समुद्र खवळला, की भाव चढलाच.

हे सारं अंगवळणी पडतं. खरी अडचण निराळीच आहे. हुकुमावर नाव एकाचंच असतं. त्याला सकाळी कचेरी आहे, चार सहकारी आहेत. ती मात्र कारंज्याची किंवा रिसोडची आपली नोकरी, मैत्रिणी, माहेर सोडून येते आणि दिवसभर पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसते. सायंकाळी तो दमून येतो, तिला बोलायचं असतं, आणि बाहेर तर रात्र झालेली! पहिले खटके इथंच उडतात. तिचा स्वभाव चिडका, असं मग गावाकडे खुशाल म्हटलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. ती तिथं काय करणार, शिकणार की शिकवणार की शिवणयंत्र नेणार, हे सामान बांधण्याआधी दोघांनी बसून ठरवायला हवं. भाषेची धास्ती नको. बंगाली, तमिळ, तेलुगू शेजारी एकमेकांशी हिंदीतच बोलतात. आपली वऱ्हाडी वळणाची हिंदी तिथं सहज खपून जाते.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची तार पोचली, तेव्हापासून घरच्यांचा चेहरा फोनवर बरा दिसू लागला आहे. पण सासूबाई आजारी पडल्या किंवा तिचे वडील, तर फोन पुरत नाही, आणि जहाजाला चेन्नई गाठायला सुमारे तीन दिवस लागतात. म्हणून दोघांच्या विमानभाड्याइतकी रक्कम पहिल्याच पगारापासून बाजूला टाकीत जा. ते खातं तेवढं दोघांच्या नावावर काढा.