यंत्रास ठावठिकाणा कसा समजतो

देहूरोडहून निघालेली एखादी गाडी रात्रीं खंडाळ्याच्या घाटांत बंद पडली, तर मदत कोठें धाडावी हा प्रश्न पूर्वीं मोठाच असे. आज जी. पी. एस. ग्राहक स्थान सांगतो व तें फोनमार्फत कळवितां येतें. अशीं यंत्रें तयार मिळतात. परंतु हौशी विद्यार्थी तीं घरींही जुळवितात. सामग्री थोडीच : ग्राहक, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच तुकड्यावर बसविलेला लहानसा संगणक, आणि अँटेना. जुने रेडिओश्रोते हिलाच एरियल म्हणत.

पहिली फसगत अँटेनापाशीं होते. उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या लहरी इतक्या क्षीण होऊन पोचतात कीं, ग्राहकाच्या स्वतःच्या खरखरीखालीं त्या बुडालेल्या असतात. प्रत्येक उपग्रहाची सांकेतिक खूण आधींच ठाऊक असल्यामुळेंच त्या शोधून काढतां येतात. पत्र्याच्या छपराखालीं मात्र उपाय चालत नाहीं. अँटेनाचें तोंड मोकळ्या आकाशाकडेच हवें. बोगद्यांत यंत्र मुकें होतें, तेव्हां त्याला दोष देऊं नये.

स्थान ठरविण्यास तीन उपग्रह पुरतील असें वाटतें, लागतात चार. उपग्रहांवर आण्विक घड्याळें आहेत, ग्राहकाचें घड्याळ स्वस्तांतलें. एका सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. ती चूक काढण्यास चौथा साक्षीदार लागतो.

जोडणींत वीज व जमीन या दोन तारा सोप्या. उरलेल्या दोन उलटसुलट जोडाव्या : ग्राहकाची पाठविणारी तार संगणकाच्या घेणाऱ्या टोकास. एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानाशीं नसेल, तर संभाषण कसें व्हावें? पुष्कळ ग्राहकांच्या संदेशतारा ३.३ व्होल्टच्या असतात. त्यांवर ५ व्होल्ट थेट सोडल्यास ग्राहक बिघडूं शकतो.

खरी धोक्याची जागा पुढें आहे, कारण तेथें यंत्र बिनचूक असतें आणि वाचणारा चुकतो. देहूरोडचे अक्षांश ग्राहक ‘१८४१’ व रेखांश ‘०७३४४’ अशा आरंभाच्या आंकड्यांनीं कळवितो. त्यांचा अर्थ १८ अंश ४१ कला आणि ७३ अंश ४४ कला. घाईनें १८.४१ व ७३.४४ अंश असें वाचलें, तर देहूरोड नकाशावर सुमारें ४३ किलोमीटर नैर्ऋत्येस, ताम्हिणी घाटाच्या बाजूस जाऊन बसतें. आणि रुग्णवाहिकाही तिकडेच जाईल! कलांना ६० नीं भागून अंशांत मिळविलें पाहिजे : ४१ भागिले ६० म्हणजे ०.६८३, म्हणून १८.६८३.

वेळेच्या आंकड्यांनींही नवखे गोंधळतात. सायंकाळीं सहा वाजतां यंत्र साडेबारा दाखवितें. ती जागतिक प्रमाणवेळ. तींत साडेपांच तास मिळविले कीं देहूरोड स्टेशनावरील घड्याळाशीं मेळ बसतो.